औषधाची ओळख आणि औषधालयाची प्रसिद्धी

गेल्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यातील एक लहान औषधनिर्माते सावंगी (मेघे) येथे आम्हांस भेटावयास आले. त्यांच्याकडे चूर्णे, वटी आणि चार-दोन आसवारिष्टे तयार होतात. माल सचोटीचा आहे, हे आम्ही अनुभवाने जाणतो. बाहेरगावच्या एका प्रसिद्धिसंस्थेकडून त्यांनी वर्षभराची योजना करून घेतली होती आणि तीतील मजकुराखाली वैद्य म्हणून आमचे नाव घालण्याची परवानगी त्यांना हवी होती. योजना दिसावयास नीटनेटकी होती. वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक चित्र, एक घोषवाक्य आणि चार ओळी. सणावारांच्या शुभेच्छा, थोरांच्या जयंत्या, जागतिक आरोग्यदिनांची यादी आणि त्या त्या दिवसाशी जोडलेले एखादे उत्पादन. ४ फेब्रुवारीच्या कर्करोग दिनास एक रसायनकल्प, १४ नोव्हेंबरच्या मधुमेह दिनास एक चूर्ण. आम्ही ती पाने दोनदा चाळली. ३६५ मजकुरांत औषध किती घ्यावे, कशाबरोबर घ्यावे, किती दिवस घ्यावे आणि कोणी घेऊ नये, हे सांगणारा एकही मजकूर नव्हता.

आम्ही नाव दिले नाही. परंतु तेवढ्याने विषय संपत नाही, कारण त्या गृहस्थांची गरज खरी होती. सावंगीच्या रुग्णालय परिसरात वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर अशा जिल्ह्यांतून रुग्ण येतात. जवळच सालोड (हिरापूर) येथे आयुर्वेद महाविद्यालय आहे. अशा ठिकाणीसुद्धा औषधाच्या दुकानात गेलेला मनुष्य दूरदर्शनवर नाव ऐकलेली बाटलीच मागतो. शेजारच्या तालुक्यात तयार झालेले तेच शास्त्रोक्त औषध फळीवर धूळ खात पडते. लहान निर्मात्याने आपले नाव लोकांपर्यंत कसे न्यावे, या प्रश्नास आपण वैद्यांनी उत्तर दिले नाही, तर ते प्रसिद्धिसंस्था देणार. तिच्याजवळ असलेले उत्तर वर सांगितलेच आहे.

व्यवस्थापनशास्त्रात ज्याला हल्ली 'कंटेंट मार्केटिंग' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ त्या योजनेत कोठेच नव्हता. ग्राहकास खरोखर उपयोगी पडेल अशी माहिती सातत्याने देत राहणे, त्यातून त्याचा विश्वास संपादन करणे आणि त्या विश्वासावर आपल्या ब्रँडचे नाव उभे करणे, हा तो अर्थ. आपण त्याला माहितीपर प्रसिद्धी म्हणू. जाहिरात 'घ्या' म्हणते. माहितीपर प्रसिद्धी 'असे घ्या' म्हणते. आमच्या मते या दुसऱ्या प्रकारात एक तिसरे वाक्यही अनिवार्य आहे: 'अमक्याने घेऊ नका'. या लेखाचे प्रयोजन मुख्यतः त्या तिसऱ्या वाक्याकरिताच आहे.

आपल्यातील काही ज्येष्ठ म्हणतील, की चांगल्या औषधास प्रसिद्धी लागत नाही आणि वैद्याने तर तिच्या वाटेसही जाऊ नये. या मताविषयी आम्हांस आदर आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायात रोगाभिसर वैद्यांचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात ते रुग्णाच्या शोधात हिंडतात, कोणी आजारी पडल्याचे कळताच धावत जातात आणि त्याच्या कानी पडेल अशा बेताने आपलेच गुण गातात, असे वर्णन आहे. आजची निम्मी जाहिरातबाजी त्या वर्णनात बसते. तथापि आचार्यांचा रोख आत्मस्तुतीवर आहे, औषधाची माहिती देण्यावर नाही. न जाणलेले औषध विषासमान आणि नीट जाणलेले अमृतासमान, हा विचारही त्याच संहितेतला आहे. जाणणे हे केवळ वैद्यापुरतेच मर्यादित होते, असे मानले तरी आज औषध वैद्याच्या हातून न जाता दुकानातून थेट घरी जाते. मग ते जाणण्याची सोय कोणी करावयाची?

आपल्या क्षेत्रातील ज्या संस्थांची नावे शंभर वर्षे टिकली, त्यांपैकी काहींनी हे काम पूर्वीच केले आहे. केरळात कोट्टक्कल येथे पी. एस. वारियर यांनी १९०२ साली आर्य वैद्य शाळा स्थापन केली आणि दुसऱ्याच वर्षी 'धन्वन्तरी' हे मासिक काढले. १९०७ मध्ये त्यांचा 'चिकित्सासंग्रहम्' हा ग्रंथ आला. तयार औषधे बाजारात नवीन होती. वैद्याने स्वतः काढा करून द्यावा, ही लोकांची सवय. अशा वेळी कोणते तयार औषध कोणत्या अवस्थेत द्यावे, हे लिहून सांगितल्याखेरीज बाटली खपणार नाही, हे वारियरांनी ओळखले होते.

आपल्या विदर्भाच्या अगदी जवळचे उदाहरण म्हणजे बैद्यनाथ. १९१७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचे नागपूर हे एक प्रमुख केंद्र. तिने प्रसिद्ध केलेला 'आयुर्वेद सारसंग्रह' हिंदीत असूनही वऱ्हाडातील कित्येक वैद्यांच्या मेजावर आजही आढळतो. यादवजी त्रिकमजी आचार्यांचा 'सिद्धयोगसंग्रह' आणि वैद्य रणजितराय देसाई यांचे क्रियाशारीरावरील पुस्तक याच संस्थेकडून आले. विद्यार्थिदशेत आम्ही ती पुस्तके वापरली, तेव्हा ती एका औषधनिर्मात्याने छापलेली आहेत, याचे आम्हांस काही वाटलेही नाही. याहून यशस्वी माहितीपर प्रसिद्धी कोणती असू शकेल? पुढील आयुष्यात चिठ्ठीवर जे नाव सहज उमटते, ते त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आधी वाचलेले असते.

महाराष्ट्रातील दोन नावे या संदर्भात घेणे उचित होईल. अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांचे 'औषधीगुणधर्मशास्त्र' वाचताना असे जाणवते, की लेखकास औषधाची स्तुती करावयाची नाही, तर ते कोठे लागू पडते आणि कोठे नाही, यांतील रेषा दाखवावयाची आहे. दुसरे पुण्याचे वैद्य प. य. खडीवाले. २०१७ साली त्यांचे निधन झाले. त्यांनी वृत्तपत्रांतून आणि छोट्या पुस्तकांतून घरगुती भाषेत इतके विपुल लिहिले, की त्यांच्या औषधालयाची पायरी कधीही न चढलेल्या माणसासही ते आपले वैद्य वाटत. लिहिताना त्यांनी सामान्यांस सहज मिळणारी साधी द्रव्ये सांगितली. सारे काही आपल्याच दुकानातून घ्या, असा सूर लावला नाही. औषधालयाचे नाव त्यामुळे कमी झाले नाही.

आता कायद्याविषयी. निर्मात्यांस वाटते की कायदा जाहिरातीस लागू आहे, लेखास नाही. हा भ्रम आहे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमात जाहिरातीची जी व्याख्या आहे, तीत सूचना, परिपत्रक, लेबल, वेष्टन, तोंडी घोषणा, इतकेच नव्हे तर प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणासुद्धा येते. (धुराची जाहिरात आम्ही अद्याप पाहिलेली नाही, पण कायदा करणाऱ्यांनी पळवाट ठेवली नाही, एवढे खरे.) या अधिनियमाच्या अनुसूचीत ५४ विकार आहेत. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, हृद्रोग, लठ्ठपणा, कोड, संधिवात हे सारे त्यात आहेत. यांच्या चिकित्सेसाठी वा प्रतिबंधासाठी अमुक औषध वापरावे, असे सुचविणारी जाहिरात हा अपराध असून पहिल्याच दोषसिद्धीस सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. १४ नोव्हेंबरचा तो चूर्णाचा मजकूर निघाला असता, तर निर्मात्याबरोबर आमचेही नाव अडकले असते.

याच संदर्भात १७० क्रमांकाच्या नियमाची चर्चा आपल्या बैठकांतून होत असते. हा नियम २०१८ अखेरीस औषध नियमांत आला आणि जाहिरातीपूर्वी राज्याच्या परवाना प्राधिकाऱ्याची संमती आवश्यक झाली. जुलै २०२४ मध्ये केंद्राने तो वगळला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्यास स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण निकाली निघताना ती स्थगितीही उठली. त्यामुळे आता सारे मोकळे झाले, असे काही मंडळी म्हणतात. १९५४ चा अधिनियम जेथल्या तेथे आहे. त्याच न्यायालयात २०२४ साली पतंजलीच्या चालकांस वृत्तपत्रांतून जाहीर क्षमायाचना करावी लागली, हेही विसरू नये.

त्या अधिनियमाचे चौदावे कलम मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलेले असते. नोंदणीकृत वैद्याने स्वतःच्या चिकित्सालयात लावलेला फलक, शास्त्रीय वा सामाजिक दृष्टीने प्रामाणिकपणे लिहिलेला ग्रंथ आणि केवळ नोंदणीकृत चिकित्सकांस विहित रीतीने गोपनीयपणे पाठविलेले माहितीपत्रक, यांस त्यात सूट आहे. म्हणजे निर्मात्याने आपल्या लिखाणाचे प्रारंभापासूनच दोन भाग पाडावेत, असे कायदाच सुचवितो. वैद्यांसाठीचे लिखाण वेगळे, जनतेसाठीचे वेगळे. आरोग्यवर्धिनीचेच पाहा. तीत पारद आहे. पारद अनुसूची ई(१) मध्ये येतो आणि म्हणून लेबलावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. अशा कल्पाविषयी जनतेस उद्देशून लेखमाला कशासाठी लिहावयाची? ती वैद्यांकडे जावी. त्यात घटकद्रव्ये, शोधन, मात्रा, काल, अवस्था आणि निषेध सविस्तर असावेत. जनतेसाठी त्रिफळा आहे, सितोपलादी आहे.

सितोपलादीचे नाव आले, म्हणून आमचीच एक चूक येथे नमूद करितो. काही वर्षांपूर्वी एका ग्रामीण आरोग्य शिबिरासाठी आम्ही स्वतः एक पत्रक लिहिले होते. त्यात घरात असावीत अशी पाच औषधे आणि त्यांचे उपयोग होते. कोणताही खोटा दावा नव्हता, अनुसूचीतील एकाही विकाराचे नाव नव्हते. कोणत्याही परीक्षकाने ते उत्तीर्ण केले असते. सितोपलादीपुढे आम्ही लिहिले होते: 'खोकल्यावर, मधातून चाटण'. जागा कमी होती म्हणून मात्रा गाळली. दोन-अडीच महिन्यांनी एक वयस्क शेतकरी पायाची जखम दाखवावयास आले. मधुमेह जुना, गोळ्या नियमित, तरीही साखर बरीच वाढलेली. विचारपूस करता कळले, की खोकला हटत नाही म्हणून ते मोठा चमचा भरून चूर्ण भरपूर मधात कालवून दिवसातून पाच-सहा वेळा चाटत होते. खिशातून त्यांनी आमचेच पत्रक काढून दाखविले, घडीवर झिजलेले. 'डॉक्टरसाहेब, तुमच्या कागदाप्रमाणंच घेतलं,' असे ते म्हणाले. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. त्यामुळे आम्हांस अधिकच लाज वाटली.

सितोपलादीचा पाठ आपणां सर्वांस मुखोद्गत आहे. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. एकूण ३१ भागांत १६ भाग साखर, म्हणजे निम्म्याहून अधिक. नावातच सितोपला आहे, हे वैद्यास सांगावे लागत नाही. पण शेतकऱ्यास कोणी सांगावयाचे? एक ते तीन ग्रॅम ही मात्रा आणि 'मधुमेह असल्यास वैद्यास विचारल्याशिवाय घेऊ नये' ही ओळ, एवढेच लिहावयाचे राहिले होते. जखम यथावकाश भरली, परंतु त्यास बराच काळ लागला. तेव्हापासून कोणताही मजकूर हाती आला, की त्यात काय लिहिले आहे यापेक्षा काय गाळले आहे, हे आम्ही आधी पाहतो.

म्हणून त्या निर्मात्यांबरोबर बसून आम्ही जी योजना आखली, ती प्रश्नांपासून सुरू केली. त्यांच्या चार विक्रेत्यांकडे एकेक शंभरपानी वही ठेवली आणि महिनाभर ग्राहक जे विचारील ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावयास सांगितले. चौघांपैकी एकाची वही कोरीच परत आली. उरलेल्या तिघींत जे मिळाले, ते कोणत्याही प्रसिद्धिसंस्थेस सुचले नसते. गोळी चावायची की गिळायची? दुधाबरोबर चालेल काय? दाक्तरी गोळी आणि ही गोळी यांत किती वेळ ठेवावा? आसवाला दारूसारखा वास का येतो? मागल्या वर्षीची बाटली उरली आहे, ती घेऊ का? पोटुशी बाईने घ्यावे का? उपवासाला चालते का? शेवटचा प्रश्न तिन्ही वह्यांत होता. वर्षाच्या लिखाणाचे विषय अशा रीतीने फुकट मिळाले. आसवातील स्वयंजनित मद्यार्काविषयी चार प्रामाणिक ओळी लिहिल्या, तर ग्राहक पळून जाईल, अशी निर्मात्यास भीती वाटत होती. आमचे मत उलट आहे. वास त्यास येतोच. कारण न कळल्याने संशय वाढतो, आणि ज्यास मद्यार्क वर्ज्य आहे त्यास ते आधी कळण्याचा हक्क आहे.

विषयांची कालवारी जागतिक दिनांवरून न लावता ऋतूंवरून लावावी, हा आमचा दुसरा आग्रह. आपल्याजवळ ऋतुचर्येसारखी तयार दिनदर्शिका असता दुसऱ्याची उसनी का घ्यावी? मात्र ग्रंथातील ऋतुचर्या जशीच्या तशी उतरवूनही चालत नाही. वर्ध्याचा मे महिना आणि कोकणचा मे महिना एक नव्हेत. येथे वैशाखात लोक शेतीच्या मशागतीसाठी उन्हात असतात, पावसाळ्यात पेरणी-निंदणीत पाय चिखलात असतात, शरदात सोयाबीन आणि कापूस हातात येत असताना आजारी पडावयास कोणास सवड नसते. माहिती त्या त्या कामाच्या पंधरवडाभर आधी पोचली, तरच वाचली जाईल. आणि औषधे चारच निवडावी. पन्नास कल्पांची यादी छापणाऱ्याचे एकही नाव कोणाच्या ध्यानात राहत नाही.

स्थानिक द्रव्यांविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हरिद्राखंड करणाऱ्या निर्मात्याने ही हळद कोठून आणली, ती कशी उकडली-वाळवली, घरी येणाऱ्या भुकटीत आणि हिच्यात भेद कसा ओळखावा, हे सांगितले तर ते वाचावयास कोणासही आवडेल. पण वायगावचे नाव घेणाऱ्याच्या खरेदीवहीत वायगावची पावती असली पाहिजे, दर खेपेस असली पाहिजे. आणि हरिद्राखंडातही साखर असते, हे त्याच पानावर आले पाहिजे.

लिहिणार कोण, हा प्रश्न नाजूक आहे. चार निरनिराळ्या औषधालयांच्या नावाखाली एकच लेख, एकाच चुकांसह आम्ही वाचला आहे. आता तर यंत्राकडून क्षणात हवा तेवढा मजकूर मिळतो. प्रसिद्धिसंस्थेने चित्रे काढावी, छपाई आणि वितरण पाहावे. मजकूर वैद्याने लिहावा आणि दुसऱ्या वैद्याने तपासावा. वैद्याने आपले नाव लेखाखाली घालावे, औषधाच्या छायाचित्राखाली नव्हे. मानधन घेतले असल्यास तसे छापावे. यास आपल्यातील काहींचा विरोध आहे, हे आम्ही जाणतो. मानधन जाहीर करणे त्यांना अपमानास्पद वाटते. आम्हांस ते न जाहीर करणे अधिक अपमानास्पद वाटते.

फळ मोजावयाचे कसे? किती जणांनी पाहिले, याचे आकडे प्रसिद्धिसंस्था दरमहा देते आणि ते नेहमी वाढतच असतात. आम्ही निर्मात्यांस एक साधी कसोटी सुचविली. सहा महिन्यांनंतर, विक्रेत्याकडे चूर्ण घेऊन निघालेल्या दहा जणांस विचारावे: किती घेणार, कशाबरोबर घेणार, केव्हा थांबविणार? आज दहांपैकी दोघे नीट सांगत असतील आणि तेव्हा सहा सांगू लागले, तर पैसा सार्थकी लागला. विक्री त्या मानाने हळू वाढेल. चार दिवसांत नाव गाजविण्याची घाई ज्यास असेल, त्याने या मार्गास येऊ नये. त्याच्यासाठी भिंती आहेत, फलक आहेत.

पहिले पत्रक सितोपलादीचे ठरले. मजकूर आम्ही लिहिला, सालोडच्या महाविद्यालयातील एका सहाध्यायांनी तो तपासला आणि तीन ठिकाणी दुरुस्त केला. मुद्रकाकडून कच्ची प्रत आली, तेव्हा मधुमेहाची ओळ तळाशी, सर्वांत बारीक टायपात बसविलेली होती. निर्मात्यांचे म्हणणे, ओळ आहे ना, मग कोठे का असेना. आम्ही ती प्रत परत पाठविली असून ओळ मात्रेच्या लगेच खाली, मात्रेच्याच टायपात घ्यावी असे कळविले आहे. दुसरी प्रत अद्याप यावयाची आहे.